गाणं न घातलेली कॅसेट

"हात पळवू नका, ताई. माणसं येतात आपोआप."

असं म्हणताना सर माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवायचे, डॉक्टर नाडी बघतात तशी. कॅमेरा खांद्यावर, डोळा लावलेला, आणि मी मेली इकडून तिकडे फिरवतेय, जसं काही कुणी मागे लागलंय. ती दोन बोटं पडली की हात थांबायचा. मग बोटं काढून घेऊन ते शेजारी नुसते उभे राहायचे. आणि खरंच, थोड्या वेळानं चौकटीत कुणीतरी यायचं. कधी पेपरवाला, कधी दोरीवरचे कपडे काढायला आलेली शेजारीण. सर खूश व्हायचे. जणू त्यांनीच बोलावून आणलं होतं.

तुम्ही सरांना ओळखत नसाल, पण त्यांच्यासारखा माणूस तुम्ही नक्की पाहिलाय. लग्नात स्टेजच्या पुढ्यात उभं राहून पाहुण्यांची बोलणी खाणारा व्हिडिओवाला. "अहो, बाजूला व्हा, आम्हाला दिसत नाहीये" असं आपण सगळेच त्याला ओरडलोय, आणि कॅसेट आली की आपण कसे दिसतो ते बघायला आपणच पहिल्या रांगेत बसलोय. सर त्यातलेच. मीरा रोडच्या शांती नगरमध्ये आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायचे. आधी बरीच वर्षं एका फिल्म स्टुडिओत कॅमेरा खात्यात होते. घरोघरी व्हीसीआर आले, लग्नाच्या कॅसेटी निघायला लागल्या, तशी त्यांनी ती नोकरी सोडली आणि मीरा रोड-भाईंदरमधली लग्नं, मुंजी, बारशी काढायला लागले.

मी त्यांच्याकडे गेले ती नाइलाजानं. आमचे धाकटे दीर दुबईला. नव्वदच्या आसपास कधीतरी ते व्हिडिओ कॅमेरा घेऊन आले आणि जाताना आमच्याकडे ठेवून गेले. आमच्या ह्यांनी तो कपाटात माझ्या शालूशेजारी ठेवला, डांबराच्या गोळ्या घालून. हात लावायची कुणाची छाती नाही. मी टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर, दिवसभर बटणांशीच खेळणारी, मला कसली भीती? मुलाच्या वाढदिवसाला काढला बाहेर आणि केलं शूटिंग. मग सगळे बघायला बसले. कुणाला डोकं नाही, कुणाला पाय नाहीत, केक एकदा अंगावर येतोय, एकदा लांब पळतोय. सासरे थोडा वेळ बघून उठले आणि म्हणाले, मला मळमळतंय. दुसऱ्या दिवशी मी सरांची बेल वाजवली.

रविवारी दुपारी त्यांच्याकडे दोन-चार जण शिकायला यायचे. कुणी टिकायचं नाही, कारण सरांनी पहिलं काय केलं असेल तर कॅमेऱ्याच्या झूमच्या बटणावर चिकटपट्टी मारली. जखमेवर लावतात ती. म्हणाले, पाय दिलेत ना देवानं, जवळचं बघायचं तर जवळ जायचं. मला असा राग आला. दिरांनी एवढा झूमवाला कॅमेरा आणला, बिल्डिंगभर कौतुक झालं, आणि हे गृहस्थ पट्टी लावून मोकळे. पण मी चिवट. ती पट्टी सुटेपर्यंत मी तिथंच बसले.

नव्या जागी गेलं की कॅमेऱ्याला आधी पांढरं दाखवायचं, म्हणजे बाकीचे रंग त्याला खरे कळतात. माणसाच्या डोक्यावर थोडी जागा सोडायची, पण एवढीही नाही की तो विहिरीत पडल्यासारखा दिसेल. माणूस ज्या बाजूला बघतोय त्या बाजूला जागा जास्त ठेवायची. हे सगळं त्यांनी मला शिकवलं. आणि उजेड शिकवला. उजेड मी वहिनींच्या चेहऱ्यावर शिकले.

वहिनी म्हणजे सरांच्या बायको. ठेंगणी, बोलकी बाई. क्लास सुरू झाला की सर त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायचे. त्या रिकाम्या हाती बसणाऱ्यातल्या नव्हत्या, मांडीवर ताट घेऊन घेवड्याच्या शिरा काढत बसायच्या. उजेड समोरून आला की चेहरा सपाट दिसतो. बाजूनं आला की नाक, गाल, कपाळ उठून येतं. मागून आला की चेहरा काळा, पण केसांना सोनेरी कड येते. हे सगळं सर त्यांची खुर्ची सरकवून सरकवून दाखवायचे. हनुवटी वर, जरा डावीकडे बघ, पुन्हा मागे. वहिनी म्हणायच्या, "भाजी निवडू की हनुवटी वर करू? एक काय ते सांगा." आणि वर मला मालवणी मसाल्याचं प्रमाण सांगायच्या, दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बाईंच्या सुनेचं काय चाललंय ते सांगायच्या. कॅमेरा चालूच असायचा. ते सगळं टेपवर जायचं.

मग आम्ही टीव्हीवर ते लावायचो, सर चुका काढायचे, आणि कॅसेट मागे गुंडाळून ठेवून द्यायचे. पुढच्या रविवारी त्याच्यावरच नवीन. शिकाऊ लोकांसाठी सरांकडे एकच कॅसेट होती. एकदा मी म्हटलं, आजचं फार सुंदर आलंय, वहिनी काय दिसतायत, राहू दे ना हे. सर म्हणाले, शिकताना काढलेलं ठेवायचं नसतं, ताई, माणूस त्याच्याच प्रेमात पडतो आणि तिथंच थांबतो. मला ते पटलं. एवढंच नाही, मी ऑफिसात मैत्रिणींना ते वाक्य ऐकवून भाव खाल्ला.

आता तुम्ही म्हणाल, ह्यात काय झालं. थांबा, सांगते.

लग्नाच्या शूटिंगला सरांबरोबर लाईट धरायला वहिनीच जायच्या. तो हॅलोजनचा दिवा, हातात धरायचा. तापतो असा की जवळ उभं राहवत नाही, आणि मागे लांबलचक वायर. वहिनी एका हातात पदर सावरत, दुसऱ्या हातात तो दिवा उंच धरून तासन् तास उभ्या. नवरीच्या तोंडावर घाम नको, नवऱ्याच्या चष्म्यात चमक नको, सगळं त्यांना कळायचं. आणि कामात सर वेगळेच व्हायचे. घरी "अगं ऐकतेस का" करणारा माणूस, तिथं नुसतं "वर. खाली. मागे हो. हलवू नको." लोकांसमोर. मी एकदा वहिनींना विचारलं, तुम्हाला राग नाही येत? त्या हसल्या. म्हणाल्या, "अगं, तेव्हा ते माझ्याशी बोलत नसतात, दिव्याशी बोलतात."

मीही हसले. मला तेव्हा ते फार मजेशीर वाटलं होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी सुषमा. तिचं लग्न ठरलं नाशिकच्या मुलाशी. कॅसेट कोण काढणार? सर दुसऱ्या कुणाला हात लावू देतील तर शपथ. सगळे नातेवाईक म्हणाले, अहो, मुलीचे वडील तुम्ही, कन्यादान करायचं आहे तुम्हाला, कॅमेरा कसला धरताय? कन्यादानापुरता कॅमेरा त्यांनी माझ्या हातात दिला, तोही पायाखाली खडूनं खूण करून, की इथून हलायचं नाही. त्या खुणेवरून चौकटीत बाप-लेकच मावत होते, वहिनी बाहेर. बाकी सगळा वेळ नवरीचा बाप कॅमेरा घेऊन आणि नवरीची आई नवी पैठणी नेसून हातात लाईट धरून उभी. विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं हसतायत, पण त्या रागावल्या होत्या.

मुहूर्ताची वेळ आली. आता तुम्हाला माहीतच आहे, आपल्यात मुलीच्या आईनं लग्न लागताना बघायचं नसतं, तुळशीला पाणी घालायला बसायचं. लग्न भाईंदरच्या हॉलमध्ये, तिथं कुठली आलीय तुळस? वहिनींनी घरून डालड्याच्या डब्यातली आणली होती, ती स्वयंपाकघराच्या मागं ठेवलेली. वहिनींनी लाईट माझ्या हातात दिला, म्हणाल्या, बटणाजवळ भाजतं हं, सांभाळून, आणि गेल्या. मंगलाष्टकं सुरू झाली. मी सरांच्या कानाशी म्हटलं, वहिनी तिकडे एकट्या आहेत, एकदा त्यांनाही कॅमेऱ्यात घेऊन येऊया का? डोळा कॅमेऱ्यावरून न काढता ते म्हणाले, "नंतर घेऊ. आत्ता हललो तर हार जाईल."

खरंच गेला असता. धंद्याचा नियम म्हणून ते बरोबरच होतं. अक्षता पडल्या, हार घातले, वहिनी डोळे पुसत परत आल्या आणि आधी माझ्या हातातला लाईट घेतला. मग पंगत, मग विहिणींची भेट, मग पाठवणी. पाठवणीला त्यांनी दिवा खाली ठेवला आणि लेकीला जवळ घेतलं. सर सुषमाच्या समोर आले, कारण रडू तिच्या चेहऱ्यावर होतं आणि बाजूनं खिडकीचा उजेड छान येत होता. त्या सबंध कॅसेटमध्ये वहिनी तेवढ्याच आहेत. सुषमाच्या डोक्यावरून फिरणारा हिरव्या बांगड्यांचा एक हात.

त्या लग्नाला वर्ष व्हायच्या आत वहिनी गेल्या. कावीळ झाली, अंगावर काढली, दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. सरांनी लाईट धरायला दुसरं माणूस ठेवलं नाही. लोखंडी स्टँड आणलं. ते लग्नाच्या गर्दीत पाहुण्यांच्या पायात यायचं, लोक करवादायचे, सर ऐकून घ्यायचे. रविवारचा क्लास बंद पडला. मी शिकलेली होतेच, चार बारशी काढली, मग कॅमेरा पुन्हा कपाटात गेला.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी सुषमाचा फोन आला. सरांकडे फोन नव्हता, आमच्याकडे होता, म्हणून तिचे फोन आमच्याकडेच यायचे. मी त्यांना हाक मारून आणलं. तिला दिवस गेले होते, ती बाळंतपणाला माहेरी येणार होती. सर चपला न घालताच धावत आले होते. बराच वेळ नुसते हो, हो म्हणत होते. मी भाजी परतत होते, पण आमचं घर ते केवढं, पलीकडचा तिचा आवाज मला ऐकू येत होता.

"बाबा, मला आईचा आवाज आठवत नाहीये हो. फोटो आहेत, पण ती बोलायची कशी तेच आठवत नाही. तुमच्याकडे इतक्या कॅसेटी आहेत, मी आले की तिची एखादी लावा ना."

सर म्हणाले, लावतो. फोन ठेवला आणि तिथंच आमच्या स्टुलावर बसून राहिले.

इथून पुढचं मला सांगायला जड जातं. ज्या माणसानं अर्ध्या भाईंदरची लग्नं काढली, त्याच्याकडे स्वतःच्या बायकोची कॅसेट नव्हती. सगळ्यांच्या तोंडावर उजेड तिनं पाडला, पण उजेड धरणारा कधी दिसता कामा नये, हे तर आम्ही पहिल्या महिन्यात शिकतो. आवाज तरी असेल म्हणावं, दिवा धरणारी बाई कॅमेऱ्याच्या अगदी जवळ उभी असते. पण तुम्हाला आठवतंय ना, त्या काळच्या लग्नाच्या कॅसेटी कशा असायच्या? सुरुवातीला गुलाबाच्या फुलात नवरा-नवरीची नावं, आणि मग शेवटपर्यंत नुसती गाणी. माणसं तोंडं हलवतायत आणि वर गाणं. खरा आवाज पुसून गाणी सर स्वतःच घालायचे. लोकांना तेच हवं असायचं. मूळ टेपा पुन्हा दुसऱ्या लग्नाला वापरायच्या.

"तुमच्या क्लासची कॅसेट," मी म्हटलं. "वहिनी खिडकीत बसायच्या ती. त्यात त्या बोलतायत ना."

सरांनी मान वर केली. मी गॅस बंद केला आणि आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. कॅसेट होती. व्हीसीआरमध्ये घातली. पडद्यावर काशीमीराचा नाका आला. रिक्षा, ट्रक, हायवेवरची धूळ, पुन्हा रिक्षा. हे मीच काढलेलं. क्लासचा शेवटचा धडा, चालत्या वस्तूबरोबर कॅमेरा फिरवायचा, म्हणजे पॅन करायचा. उत्साहाच्या भरात मी नाक्यावर उभी राहून अख्खी कॅसेट भरली होती. त्या दिवशी वहिनी घरी होत्या, हसत होत्या, मी परत आल्यावर मला पन्हं दिलं होतं त्यांनी. आम्ही टेप शेवटपर्यंत लावली. कुठं काही मागचं उरलं असेल. शेवटपर्यंत रिक्षाच होत्या, आणि मग टीव्हीवर नुसत्या मुंग्या.

मी तोंडात पदर कोंबून बसले. सरांनी उठून व्हीसीआर बंद केला. मग म्हणाले, "पॅन मात्र छान आलाय, ताई. कुठंही धक्का नाही."

देवाशपथ सांगते, ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

मग आम्ही घरोघर हिंडलो. मी ऑफिसातून आले की सर बिल्डिंगखाली उभे असायचे. ज्यांची लग्नं त्यांनी काढली त्यांच्या दारात जायचं, तुमची कॅसेट जरा बघायला देता का विचारायचं. लोक चांगले, नाही कुणी म्हणालं नाही. एका घरी दार उघडलं ती सरांनीच काढलेली नवरी, कडेवर पोर घेतलेली. आम्ही काय शोधतोय ते ऐकल्यावर ती बिचारी ओशाळली. म्हणाली, "अंकल, गाना तो आपनेही डाला था ना, आवाज कैसे मिलेगा?" सरांनी तिच्या पोराच्या गालाला हात लावला आणि आम्ही जिना उतरलो.

उतरता उतरता ते थांबले. म्हणाले, एका ठिकाणी गाणं घातलं नव्हतं.

तारोडीला, उत्तनच्या बाजूला, एका ख्रिस्ती घरातले म्हातारबाबा वारले होते. थोरला मुलगा बोटीवर, येऊ शकत नव्हता. त्या भागात तेव्हा पद्धत होती, बोटीवरच्या किंवा आखातातल्या मुलासाठी बापाची अंत्ययात्रा कॅसेटवर घेऊन ठेवायची. पाहुणे जमेपर्यंत संध्याकाळ झाली होती, म्हणून लाईट लागला, म्हणून वहिनी गेल्या होत्या. मयताच्या कॅसेटवर गाणं कोण घालणार? सरांनी टेप काढली तशी त्यांच्या हातात दिली होती.

सुषमा येऊन पोचली त्याच आठवड्यात आम्ही तारोडीला गेलो. भाईंदरहून बसनं उत्तनच्या बाजूला आणि मग पायी. दोन्हीकडं बांबूंवर बोंबील सुकत घातलेले. घर सरांना बरोबर सापडलं. त्या म्हातारबाबांची बायको ओट्यावर बसली होती, सरांना तिनं लगेच ओळखलं.

"हाय, कॅसेट हाय," ती म्हणाली. "पोरगा आला, पन त्यानी बघितली न्हाय. कुनीच लावली न्हाय." आत जाऊन कपाटातून आणून दिली. आणि मग विचारलं, "तुमची बाय कशी हाय? त्या दिवशी सगली मानसां माझ्याकडं बघत व्हती. पानी फकस्त तिनी दिला."

सर कॅसेटवरची धूळ पुसायला लागले. मीच सांगितलं. म्हातारीनं कपाळावर, छातीवर हात नेऊन क्रूस केला. परत आणून देतो म्हटलं तर नको म्हणाली, राहू द्या तुमच्याकडं, मला काय करायची. परतीच्या बसमध्ये सरांनी ती कॅसेट पिशवीत ठेवली नाही, दोन्ही हातात धरून बसले.

सर आता नाहीत. सुषमाचं बाळंतपण झालं, बाळाच्या बारशानंतर ती त्यांना नाशिकला घेऊन गेली, आणि पुढं काही वर्षांनी ते तिथंच गेले. शांती नगरच्या त्या तळमजल्यावरच्या खोलीत आता कसलेसे क्लासेस चालतात, खिडकीला काळी काच लावलीय. हे आत्ताच सांगून टाकते, कारण तारोडीची कॅसेट लावली त्या दुपारनंतर मला दुसरं काही सांगता येणार नाही.

मी सुषमासाठी रव्याचे लाडू घेऊन गेले होते. ती दिवाणावर पाय वर घेऊन बसलेली, पोट चांगलंच पुढं आलेलं. मी सरांना आधी बाजूला घेऊन म्हटलं, एकदा आपण दोघं बघूया, मग तिला दाखवू. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "आता निवडायला नको, ताई. फार निवडलं मी आयुष्यभर." आणि कॅसेट लावली.

अंगण आलं. संध्याकाळ, मेणबत्त्या, पांढरी फुलं, काळ्या कपड्यातली माणसं. बायका रडतायत. खरा आवाज, किती दिवसांनी असा खरा आवाज कॅसेटवर ऐकत होते मी. शवपेटीचं झाकण काढून ठेवलेलं, म्हातारी नवऱ्याच्या कपाळाला हात लावतेय. कॅमेरा स्थिर. पण मागच्या भिंतीवर माणसांच्या सावल्या थरथरत होत्या. सावल्या थरथरत होत्या म्हणजे दिवा थरथरत होता. मला ते कळलं, आणि सरांनाही कळलं, कारण ते पुढं वाकले.

मग सरांचा आवाज आला, एकदम मोठा, कानाशी आल्यासारखा.

"लाईट हलतोय."

आणि वहिनी बोलल्या. अगदी जवळून, हळू, नाक दाटलेलं. "रडायला येतंय हो मला. जरा थांबूया का? त्यांना रडू दे की मोकळं."

"तू रडायला आलीयेस का इथं? नीट धर."

"धरते."

एवढंच. पुढं पाद्री बोलायला लागले.

सुषमानं पुन्हा लावा म्हणून हात पुढं केला. सरांनी टेप मागं नेली. पुन्हा लावली. पुन्हा तीच चार बोलणी, दोन त्यांची, दोन वहिनींची. सर भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"हां," सुषमा म्हणाली. "अशीच बोलायची ती." मग न चिडता, जशी आठवण निघावी तशी म्हणाली, "आणि तुम्ही असंच बोलायचात तिच्याशी."

"हो," सर म्हणाले.

ते व्हीसीआरपाशी खाली बसले. म्हणाले, माझं काढून टाकतो मी, फक्त तिचं ठेवून देतो तुला. आवाज दोघांचे एकाच पट्टीवर एकमेकांत गेलेले, ते काढता येत नाहीत, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी हात बटणाकडे गेला होता.

"नको," सुषमा म्हणाली. "बाबा, आता काही पुसू नका."

तिनं त्यांचा हात धरून त्यांना दिवाणावर स्वतःशेजारी बसवलं. टेप चालूच होती. वहिनी पुन्हा बोलतील म्हणून आम्ही तिघं बसून राहिलो. त्या बोलल्या नाहीत. माणसं एकेक करून पुढं येत होती, फूल ठेवून जात होती. मी बघत होते, आणि माझ्या मनात काय यावं? की आता भिंतीवरच्या सावल्या कशा छान स्थिर आहेत. शिकलेला डोळा मेला. मला माझीच शिसारी आली.

कॅसेट संपेपर्यंत, पेटी अंगणाबाहेर जाईपर्यंत, वहिनींनी तो दिवा पुन्हा एकदाही हलू दिला नाही.